तोवर कुलूप टिकेल

लॅबचा मेल आला तेव्हा आम्ही बाल्कनीत उन्हाला मटार सोलत बसलो होतो. चोरांनी सर्व्हरवरच्या सगळ्या रिपोर्टांच्या प्रती पळवल्या होत्या, पण फाइली कुलूपबंद असल्यामुळे काळजीचं कारण नाही, असं लिहिलं होतं. काळजीचं कारण नाही म्हणे! त्यात माझ्या नवऱ्याचा, शिशिरचा, जनुकांचा रिपोर्ट होता. सासूबाई ज्या मेंदूच्या आजाराने गेल्या तो त्यालाही होणार, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे आमच्या लेकीला, कादंबरीलाही, तो होण्याची शक्यता निम्मी. मी डॉक्टर, पण यावर माझ्याकडे औषध नाही. ती मोठी होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात होतं.

"कुलूप पक्कं आहे ना रे?" मी विचारलं. आयटी पार्कमध्ये शिशिर हीच कुलपं बनवतो.

"आज पक्कं आहे. दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार सगळ्यांना दिसतो, त्यावरून त्या दोन संख्या शोधायच्या. आजच्या कॉम्प्युटरचा जन्म जाईल त्यात." त्याने शेंग फोडली, दाणे खाली सांडले. "क्वांटम कॉम्प्युटरचं तसं नाही. त्यात चुकीची उत्तरं एकमेकांना खोडत जातात आणि बरोबर उत्तर वर येतं. एवढा मोठा अजून कुणाकडे नाही. पण चोर फाइली जपून ठेवतात, यार. तो आला की उघडायच्या."

"मग नवी कुलपं लाव!"

"नव्या फाइलींना लावतोच आहोत. चोरीला गेलेल्यांना कशी लावू, आसावरी?"

"पासवर्ड बदलता येतो. रक्त कसं बदलायचं?" मी ओरडलेच. "कधी येईल तो?"

"दहा वर्षं. कदाचित पंधरा. नक्की कुणालाच माहीत नाही."

दहा वर्षांनी पोर जेमतेम अठराची असेल, आणि तिच्या आधी कुणा परक्याला कळेल. ताट भिरकावून द्यावंसं वाटलं मला. त्याऐवजी भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी मी गयावया करू लागले.

"पंधरा म्हण ना. पंधराच धर."

"बरं, पंधरा," तो म्हणाला. मला रडू फुटलं.

आवाज ऐकून कादंबरी आली आणि सांडलेले दाणे वेचू लागली. घरातली मराठी कळते तिला, बोलते मात्र हिंदीच.

"मम्मा, पापा को मत डाँटो. जानबूझकर नहीं गिराते. उनकी उँगलियाँ फिर से नाच रही हैं."

"फिर से?" मी विचारलं. शिशिरने हात मांडीखाली दडवला.

"रोज़ नाचती हैं. आजी की भी ऐसे ही नाचती थीं ना? मैंने बताया नहीं, आप रो देतीं."