रूढ संख्या

विनायकरावांनी फळ्यावरचा आकडा दुसऱ्यांदा वाचला. १०००१. बोटांतल्या खडूचा पार भुगा झाला होता.

"बताइए मास्टरजी, यह रूढ़ संख्या है या नहीं?" चाचणी घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

तीस वर्षं मराठीतून गणितच शिकवलं होतं त्यांनी; पण सत्तावन्न साली चाचणी आली ती हिंदीची, आपला विषय हिंदीतून सांगता येतो का याची. नवं राज्य, सगळा कारभार हिंदीत. नापास झाला तो मास्तर सरळ बदलीवर, लांब बस्तरच्या जंगलात! घरी बायकोची, आशाबाईंची, उजवी बाजू दोन वर्षं लुळी. बदली झाली तर त्यांना निंबोल्याला त्यांच्या भावाकडे ठेवावं लागणार होतं.

रूढ? म्हणजे चालत आलेली, रिवाजातली. विनायकरावांनी घसा खाकरला.

"नहीं साहब. रूढ तो एकशे आठ. जपमाला के मणी भी एकशे आठ ही रहते."

साहेबांना हसू आवरेना. "एक सौ आठ! अरे, उसमें तो दो का भाग जाता है!" आणि त्यांनी कागदावर नापासाचा शेरा मारला.

बाहेर व्हरांड्यात नंदकुमार, शाळेतला तरुण मास्तर, कपाळाला हात लावून उभा होता.

"काय करून बसलात हो! हिंदीत रूढ म्हणजे आपली मूळ संख्या. एक अन् ती स्वतः, बाकी कशानंच भाग जात नाही ती!"

अरे देवा! हे तर सातवीतल्या पोरीनंही सांगितलं असतं. विनायकरावांना रडू यायचंच बाकी होतं. मग एकदम ते थबकले. दहा हजार एक, अन् मूळ? छे! याच आकड्यानं तर दरवर्षी ते नव्या वर्गाला चकवत आले होते.

ते न विचारताच आत शिरले आणि फळ्यावर लिहिलं: ७३ × १३७.

"भाग जाता है, साहब. मेरा 'नहीं' बराबर था."

साहेबांनी गुणाकार केला. पुन्हा करून पाहिला. त्यांच्याजवळच्या उत्तरांच्या यादीत 'रूढ़ है' असं लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडलं. विनायकरावांच्या कागदाला मात्र हात लावला नाही.

"गणित आपका पक्का है," ते ओशाळून म्हणाले. "पर जाँच तो हिंदी की थी."

इतवारा मोहल्ल्यातल्या घरी आशाबाई खाटेवर पडून डाव्या हातानं माळ ओढत होत्या.

"काय हो, झालं का नीट?"

"उत्तर बरोबर आलं," विनायकराव म्हणाले.

"मग! मी म्हणतच होते. दादाला कळवून टाका, म्हणावं, मी काही निंबोल्याला येत नाही."

विनायकरावांनी मान डोलावली. स्टूल ओढून ते माळ्यापर्यंत चढले, एक पेटी खाली काढली, फडक्यानं पुसली. मग पुन्हा चढून दुसरी, आशाबाईंची, काढली.