लाभाचं माप

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत अनिरुद्धरावांइतका मोजूनमापून जगणारा माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक असल्यामुळे त्यांच्या वागण्यात थोडा ताठाही होता. नोकरीची छत्तीस वर्षं त्यांनी कावेरीच्या कालव्यांवर पाण्याची पातळी नोंदवण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर नात हरिणी जी काचेची टाकी त्यांच्याकडे ठेवून गेली, तिच्यावर त्यांनी तीच नजर लावली. टाकीत अकरा गप्पी मासे होते. माणूस जवळ आला की त्या बाजूच्या काचेला येऊन तोंडं उघडमीट करायचे. काचेवर तांबड्या रंगाची रेघ होती. रोज सकाळी चार पडी जुनं पाणी काढायचं आणि रात्रभर बादलीत उघडं ठेवलेलं चार पडी पाणी घालून ते बरोबर रेघेला आणायचं. पडी म्हणजे तांदूळ मोजायचं पितळी माप, दीडेक लिटरचं. मासे मापात जगतात, माणसंच मापाबाहेर जातात, असं ते म्हणत.

मार्चात एकदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून मुलगा कार्तिकेय तिरुचीहून रोज फोन करी आणि बोलणं फिरून एकाच जागी येई.

"अप्पा, आणखी एकदा असं झालं की घराला कुलूप. मासे कोणाला देऊन टाकूं, आणि तुम्ही इकडे या."

आपलं डोकं ठिकाणावर आहे हे दाखवायला अनिरुद्धरावांपाशी एवढी एक टाकी उरली होती.

बादलीत ते पाच पडी पाणी भरत. चार टाकीला, उरलेलं एक तुळशीला. एका सोमवारी पाणी रेघेला लागलं, तुळशीसाठी ते वाकले, तर बादली रिकामी. मंगळवारी तेच झालं. बुधवारी त्यांनी भरताना दोनदा मोजलं, आणि तरी तेच. बादली गळत नव्हती. पडी भरून दिवसभर जमिनीवर ठेवली, खाली ओलसुद्धा आली नाही. मग त्यांनी घरातली सगळी मापं बाहेर काढली. प्लास्टिकच्या लिटरच्या मगानं हिशेब चोख जुळला, हरिणीच्या शाळेतल्या काचपात्रानंही जुळला. पडी हातात घेतली की तेवढं एक माप कमी. त्यांना रात्री झोप लागेना. जेवताना ते घास मोजू लागले.

शेवटी कपाटातून आळाक्कू काढावं लागलं. पडीच्या आठव्या हिश्शाचं ते इवलं माप वर्षभर कुणी हातात घेतलं नव्हतं. बायकोची, भागीरथीबाईंची, मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला पाच आळाक्कू पाणी ठरवून दिलं होतं, आणि शेवटचे चार महिने अनिरुद्धराव तिला ते मोजून देत होते, एक थेंब इकडेतिकडे न करता. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही रीत दोघांच्याही घरची. पण अनिरुद्धराव लाभानंतर दोन म्हणत, आणि भागीरथीबाईंच्या माहेरी, पापनाशमकडच्या खेड्यात, लाभाचं माप देवाचं म्हणून सोडून देत आणि नंतर एकापासून सुरुवात करत.

"लाभ मोजूं नका हो," खिडकीजवळच्या खुर्चीतून ती सुकल्या ओठांनी म्हणे. "पहिलं माप मोजायचं नसतं."

"लाभ म्हणजे एकच," ते म्हणत, आणि भांडं झाकून ठेवत. ती पाणी मागतच गेली, याचं त्यांना फार वाईट वाटे, पण ते कुणाजवळ बोलले नव्हते.

रविवारी सून नित्या आली. सासऱ्यांचे उतरलेले गाल पाहून तिनं खोदखोदून विचारलं, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं.

"सरि, बरं, माझ्यासमोर घाला पाहूं, मामंजी," ती म्हणाली.

त्यांनी पडी भरली. नित्या दाराला टेकून ऐकत होती. पाणी घालून झालं तेव्हा ती हसत होती.

"अय्यो, मामंजी. एवढंच होय? तुम्ही लाभ म्हणालांत, मग एक, दोन, तीन, चार. पाच झाले की. आणखी कुठून उरेल?"

अनिरुद्धरावही हसले. छातीवरचं ओझं उतरलं. नित्या कार्तिकेयला फोन लावत आत गेली, आणि "काही नाही, अप्पा छान आहेत, मोजणी चुकत होती" असं तिचं बोलणं त्यांना ऐकू येऊ लागलं, तेवढ्यात त्यांची नजर टाकीकडे गेली. चार पडी काढल्या होत्या आणि पाच घातल्या होत्या. पाणी तांबड्या रेघेवर होतं, केसभरही वर नाही.

आणि लाभानंतर एक त्यांनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

नित्या कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी टाकीकडे पाठ करून पेला हातात घेतला. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या गाडीनं तिरुची.

सोमवारी सकाळी त्यांनी भागीरथीबाईंचा तांब्या घासून लखलखीत केला, पहिली पडी त्यात ओतली, "लाभ" म्हणाले आणि तांब्या खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवला. मग चार पडी टाकीत घातल्या, एक, दोन, तीन, चार, मोठ्यानं. पाणी रेघेला लागलं. पाचाचा हिशेब पुरा झाला. त्यांना बरं वाटलं, आणि मासे काय करतात ते पाहायला ते टाकीशी वाकले.

अकराही मासे पलीकडच्या काचेला, खुर्चीच्या बाजूला गोळा झाले होते आणि तोंडं उघडमीट करत होते.

तांब्या आतून कोरडा होता. अनिरुद्धरावांनी माठातून आणखी एक पडी भरली, ती सावकाश तांब्यात ओतली, आणि ती मोजली नाही.