चौकी नंबर नऊचा खरा शेवट

मी अँटेना. टीव्हीचा. ॲल्युमिनियमच्या अकरा काड्या, एक लोखंडी पाइप आणि गळ्यात अडकलेला पतंगाचा मांजा, एवढाच माझा संसार. पिंपळगाव राजाला शेषरावांच्या घरावर बत्तीस वर्षं उभा आहे. आधी खाली धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत होतं, आता स्लॅब आहे. घर बदललं, मी तोच. हल्लीची पोरं मला बघून विचारतात, "हे कपडे वाळवायचं हाये का?" मी ऐकून घेतो. शेषरावांची बायको विमलबाई माझ्या एका काडीवर खरोखरच फडकं वाळत घालतात, मग वाद तरी काय घालणार?

पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू! गल्लीत टीव्ही एकच, म्हणजे अँटेनाही एकच. रविवारी सकाळी दहाला 'चौकी नंबर नऊ' ही मालिका लागायची. दूर अंतराळात पहाऱ्याची एक चौकी, तिथं एक मिशीवाला कॅप्टन आणि डब्बू नावाचा त्याचा यंत्रमानव. डब्बू चालला की खटक्-खटक् वाजायचा. सगळी गल्ली शेषरावांच्या बैठकीत गोळा व्हायची. रविवारी दहा ते अकरा कापूस वेचायला बाया मिळत नसत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आणि वर, माझ्यापाशी, असायचा दयाराम.

दयाराम शेजारचा. तेव्हा वीस-बावीसचा, उंच, अंगानं काटक. माझी गंमत अशी होती की मला नुसतं फिरवून भागायचं नाही. कुणीतरी पाइप धरून उभं राहिलं की चित्र स्वच्छ, हात सोडला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. खालून शेषराव ओरडायचे, "थोडा डाव्या अंगाले! बस, बस, बस! आता हलू नको बे!" की दयाराम तासभर हलायचा नाही. उजेडासाठी धाब्यात एक भोक ठेवलेलं होतं, त्यातून त्याला टीव्हीतलं सगळं ऐकू यायचं. त्या मालिकेचे बावन्न भाग झाले. दयारामनं त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नाही. एकदाही कुरकुरला नाही, आणि खाली कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. माणसांचं असंच असतं, चित्र नीट दिसायला लागलं की वर कोण उभा आहे ते विसरतात.

मग आला बावन्नावा भाग. चौकी बंद करायचा हुकूम आलेला. शेवटचं यान दहा मिनिटांत निघणार. डब्बूची बॅटरी संपत आलेली, आणि यानात जागा एकाचीच. कॅप्टननं दाराला हात लावला आणि तेवढ्यात लाईट गेली.

अरे देवा! खाली असा काही आरडाओरडा झाला! शेषरावांनी वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी प्रेरणा तर भोकाड पसरून बसली. "डब्बू मेला का? सांगा ना, मेला का?" जेवेना, कुणाचं ऐकेना. दयाराम जिना उतरून खाली गेला, तशी ती त्याच्याकडे धावली. "काका, तुम्ही तं अँटेना धरून होते. तुम्हाले तं समजलं असन!"

आता ह्याला काय म्हणावं! टीव्ही बंद, पण अँटेना धरणाऱ्याला कळलं असेल, हा हिशोब आमच्याच गल्लीत लागू शकतो. आणि दयारामनं तिच्या डोळ्यांकडे बघून सांगितलं, "हाव. आलं मले ऐकू."

मग तिथंच उभ्या उभ्या त्यानं शेवट सांगितला. कॅप्टननं यान रिकामं पाठवून दिलं आणि तो डब्बूपाशी थांबला. स्वतःच्या टोपीवरचा दिवा काढून डब्बूच्या डोक्यात बसवला, आणि आता दोघं मिळून वाट चुकलेल्या यानांना उजेड दाखवतात. प्रेरणा हसली आणि दोन भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी शेषरावांनी खोदून विचारलं, तेव्हा दयाराम म्हणाला, "खामगावले कापूस घेऊन गेल्तो ना भाऊ. तिथं जिनिंगवर लाईट होती, पक्कं विचारून आलो. असंच हाये." झालं! त्या दिवसापासून आमच्या गावात तोच शेवट.

मला मात्र ठाऊक होतं. वीज घरात नव्हती, लहरी तर येतच होत्या. खरा शेवट त्या रविवारी माझ्या काड्यांवरून सरसरत गेला. बघणारा पडदाच नव्हता.

वर्षं गेली. केबल आली, छत्री आली, मोबाइल आला आणि मी कावळ्यांच्या वाट्याला गेलो. प्रेरणा उंद्रीच्या शाळेत मास्तरीण झाली. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरांना ती दरवर्षी हीच गोष्ट सांगते.

आणि यंदा 'चौकी नंबर नऊ' नव्यानं आली! मोबाइलवर, दर रविवारी एक भाग. शेषरावांची नात पूनम खामगावला कॉलेजात शिकते. तिनं ती मोठ्या टीव्हीला जोडून दिली. सगळी जुनी मंडळी पुन्हा बैठकीत जमली, आणि पहिल्याच भागाला जी काय तणतण सुरू झाली!

"डब्बू हाये का हा? उकडलेल्या अंड्यासारखा दिसून राह्यला!"

"कॅप्टनच्या जागी बाई काऊन आणली?"

"काऊन म्हणजे?" विमलबाई कडाडल्या. "चाळीस वर्षं ह्या घराची चौकी कोण सांभाळून राह्यलं? चूप बसा."

दयाराम आता पन्नाशी पार केलेला. तो जिन्याच्या पायरीवर बसून होता, सवयीनं. तो एवढंच म्हणाला, "पायाचा आवाज नाई. डब्बू खटक्-खटक् वाजत नाई, मंग तो आला हे समजन कसं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मते त्या नव्या मालिकेवरची सगळ्यांत नेमकी टीका तीच.

गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. त्यात बातमी आली की नव्या मालिकेत शेवटी डब्बूला बंद करून मागे टाकणार आहेत. शेषराव भडकलेच. "आपला शेवट बदलवून राह्यले! कंपनीले अर्ज करा. सगळ्यांच्या सह्या घ्या." पूनम म्हणाली, "आबा, पुरावा जोडू ना. जुना बावन्नावा भाग कोणीतरी नेटवर टाकला हाये. रविवारी आधी तो पाहू."

त्या संध्याकाळी दयाराम वर आला. माझा पाइप धरून उभा राहिला. "पोरीले खोटं सांगतलं बे मी," तो मला म्हणाला. "शाळेत सांगते ती. आता काय तोंड दाखवू?" मला फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षांत त्यानं माझ्याशी पहिल्यांदाच मनातलं काढलं, आणि मला त्याच्या पाठीवरून हात फिरवता येत नव्हता.

रविवारी बैठक भरली. प्रेरणा उंद्रीहून मुद्दाम आली. दयाराम मात्र वर, माझ्यापाशी. कुणी बोलावलं तरी "कबुतरं हाकलून राह्यलो" म्हणाला. कबुतर एकही नव्हतं.

जिन्याच्या दारातून जुनं संगीत वर आलं. यान, हुकूम, दहा मिनिटं. आणि मग खरा शेवट. कॅप्टननं डब्बूचं बटण बंद केलं, चौकीला कुलूप घातलं, यानात बसला आणि गेला. समाप्त.

दयाराम माझ्या पाइपावर डोकं टेकवून उभा होता.

जिन्यावर पावलं वाजली. प्रेरणा वर आली. डोळे लाल.

"काका, त्या दिवशी तुम्हाले काहीच ऐकू आलं नव्हतं ना?"

"नाई, बाई. लाईट गेल्ती. तू रडून राह्यली होती, मले पाहावलं नाई. चुकलं माझं."

ती म्हणाली, "दरवर्षी माह्या वर्गात एखादं तरी पोरगं हे ऐकूनच रडायचं थांबते. त्याले मी आता तो कुलूपवाला शेवट सांगू का? मले नाई जमणार, काका." आणि तिनं त्याचा हात धरला.

तेवढ्यात खालून शेषरावांची गर्जना आली. "हे तं जुन्याच लोकांनी घोळ करून ठेवला बे! मिशी एवढी आन् काळीज एवढुसं! पूनम, अर्ज बदल. लिही, मूळ शेवट चुकला होता. तो दुरुस्त करायची संधी कंपनीनं घालवू नये. बरोबर शेवट सोबत जोडला हाये." मग जरा थांबून, "आन् खाली लेखकाची सही लागन. दयाराम! खाली ये ना बे, कायले वर मरून राह्यला?"

दयाराम खाली गेला. सही केली. "लेखक" ह्या शब्दाखाली आपलं नाव बघून तो ढसाढसा रडला, असं पूनमनं नंतर इथं वर येऊन मैत्रिणीला फोनवर सांगितलं. विमलबाईंनी त्याला ओढून थेट टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवलं आणि नव्या मालिकेचा त्या आठवड्याचा भाग लागला.

दोस्तांनो, मला आता कुणी भंगारात दिलं तरी तक्रार नाही. कंपनीचं उत्तर आलेलं नाही, येईल असंही नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरी चित्र स्वच्छ दिसत असेल, तर तुमच्यासाठी कोण उभं आहे ते एकदा बघा आणि त्याला आत बोलवा. फार उशीर करू नका, कारण मग काय होतं ते मी त्या दिवशी ऐकलं.

भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. विमलबाई म्हणाल्या, "दयारामभाऊ, इतक्या वर्षांनी पुढं बसवलं तुम्हाले, आन् तुम्ही डोळे काऊन मिटले?"

"राहू द्या वहिनी," दयाराम म्हणाला. "उघडे ठेवले की मले काही समजतच नाई."