बटणावरचा हात

वर्गात मला ट्यूब म्हणतात, कारण विनोद मला उशिरा कळतात. पण प्रकाशयोजनेत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच नाही, सगळा वर्ग सांगतो. म्हणून तर मैत्रिणीने तिच्या व्हिडिओचा शेवटचा शॉट माझ्यावर सोपवला.

शॉट साधाच. तिच्या बाबांची रिकामी खोली. काकू, म्हणजे तिची आई, पलंगावरची चादर नीट करतात, दिवा बंद करतात आणि निघून जातात. बाबा गेल्यापासून काकू त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. "एकदाच करेन. पुन्हा करा म्हणालात तर मला जमायचं नाही," त्यांनी आधीच सांगितलं. हा शॉट फसला की बाबांवरचा व्हिडिओ तिथेच संपला.

खोलीने माझा चांगलाच घाम काढला. खिडकीतून भगभगीत ऊन येत होतं, तिथे जुनी चादर ताणली. उंबऱ्याबाहेर उभ्या काकूंच्या चष्म्यात दिवा चमकत होता, मग काड्या कानांवर जरा उचलून बसवल्या, म्हणजे काचा खाली झुकल्या. दिवा विझल्यावर सगळं काळंकुट्ट व्हायचं, म्हणून उजेड भरपूर आत यावा अशी लेन्स जास्तीत जास्त उघडी ठेवली. तेवढ्यात चहा ठेवायला जाताना काकूंनी बाहेरच्या खोलीत लावलेले आमचेही दिवे बंद केले. कुठल्याही खोलीतून निघताना बटण बंद, ही त्यांची सवयच.

"अहो काकू, हे शूटिंगचे आहेत!"

"असू देत. बिल आमचंच आहे ना?"

"ही सवय आज कामाला येणार," मी मैत्रिणीला म्हणाले. "शॉट झालाच म्हणून समज."

कॅमेरा सुरू झाला. काकूंनी चादर ओढली, उशी थोपटली, दाराशी आल्या. हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

माझी सगळी मांडणी अंधारासाठी होती. दाराशी, दिव्याच्या अगदी खाली, कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा उजेडाने पांढराफटक होऊन पुसला जायला लागला. थांबवू का, असं मैत्रिणीने डोळ्यांनीच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली आणि लेन्सची रिंग हळूहळू फिरवत उजेड कमी करत गेले. चेहरा परत आला, डोळ्यांतल्या पाण्यासकट. काकूंनी हात मागे घेतला आणि दिवा तसाच ठेवून त्या बाहेर गेल्या.

मैत्रीण कट म्हणायचं विसरली. रडत होती. मीही.

"चुकलं ना गं माझं?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"नाही आई. अगदी बरोबर झालं."

सामान आवरलं. निघताना मी त्या खोलीच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे गं तो," मागून काकू म्हणाल्या. "बिल आमचंच आहे."