सारखीच डोकी

लायल क्विस्टला त्या शनिवारी सकाळपासून स्वस्थ बसवत नव्हतं. ओडेलच्या खटारा गाडीत तो पुढच्या सीटवर बसला होता आणि त्याच्या बुटाची टाच खालच्या पत्र्यावर टकटक वाजत होती.

"पाय आवर रे," ओडेल पेटवे म्हणाला. "गाडी आधीच खिळखिळी आहे."

दोघंही मिनियापोलिसमध्ये घरांची छपरं घालायच्या कामावर होते. दोघांची डोकी सफाचट, पायांत जाड तळव्याचे बूट. लायल गोरा, ओडेल काळा. त्यांच्या टोळक्यात अशा वीसेक पोरंपोरी होत्या. ते स्वतःला स्किनहेड म्हणवत; स्किनहेड म्हणजे कष्टकऱ्यांची, जमैकाच्या गाण्यांवर नाचणारी पोरं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण गेली दोन वर्षं तीच डोकी, तेच बूट मिरवत गोऱ्यांची दुसरी एक टोळी शहरात हिंडत होती आणि काळ्या माणसांना एकटं गाठून मारत होती. आज दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये त्या टोळीचा गाण्यांचा कार्यक्रम होता. किती जण येतात, पुढं काय करणार आहेत, ते कुणीतरी आत जाऊन बघायला हवं होतं. ओडेलची गाडी आणि टोळक्यातल्या बाकीच्यांच्या दोन गाड्या हॉलसमोर, रस्त्यापलीकडं थांबल्या होत्या.

"तूच जा," ओडेल म्हणाला. "तुला कोण अडवतोय? चेहराच पास आहे तुझा."

"मला नाही आवडत हे."

"मला आवडतं होय, इथं गाडीत थंडीनं काकडत बसायला?"

लायल उतरला. मागं न बघता त्यानं रस्ता ओलांडला.

दारावर नेमका ट्रॉय हाउगन उभा होता. शाळेच्या हॉकी संघात दोघं एकत्र खेळले होते. त्यानं लायलला बघितलं मात्र, दोन्ही हात पसरून त्याला घट्ट कवटाळलं.

"लायल! लेका, कुठं होतास इतके दिवस? मला माहीत होतं, आज ना उद्या तू आपल्या माणसांत येणार!"

आत कुणी त्याच्या हातात बिअर दिली, कुणी पाठीवर थाप मारली. नाव-गाव कुणी विचारलं नाही. मंचामागं हिटलरचा झेंडा टांगलेला होता. लायल भिंतीला टेकला, पुन्हा सरळ उभा राहिला, दुसऱ्या भिंतीकडं गेला. ट्रॉय त्याच्या मागोमाग आला.

"इथलं आटोपलं की त्या रेकॉर्डच्या दुकानात घुसायचंय," तो कानाशी लागून म्हणाला. "ते काळे-गोरे एकत्र नाचणारे तिथंच पडीक असतात ना? येतोस?"

ते दुकान म्हणजे लायलचं दुसरं घर होतं. "येतो की," तो म्हणाला. "आधी जरा मोकळा होऊन येतो."

खरं तर त्यानं सरळ बाहेर जाऊन ओडेलला सांगायचं होतं. पण तळघराकडं जाणारा जिना दिसला आणि तो खाली उतरला. खाली सैनिकांचा छोटा बार होता. तीन-चार म्हातारे पत्ते खेळत होते. काउंटरमागं वॉल्टर सॉर्बी पेले पुसत होते. हॉल भाड्यानं देण्याचं काम त्यांच्याकडंच होतं. भिंतीवर लढाईतून परत न आलेल्या पोरांचे फोटो ओळीनं लावले होते.

"वरचा हॉल कशासाठी दिलाय तुम्ही?" लायलनं विचारलं.

"कुणाचा तरी वाढदिवस आहे म्हणाले. का रे?"

"एकदा वर चला."

"माझा गुडघा दुखतोय पोरा."

"दुखू दे. चला तुम्ही."

एका हातात काठी, दुसऱ्यानं कठडा धरून, धापा टाकत सॉर्बी वर आले. दारातच थबकले. झेंड्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग भिंतीतली विजेची पेटी उघडून खटका ओढला. गिटार, दिवे, सगळं एका झटक्यात बंद पडलं.

"माझा भाऊ इटलीत याच झेंड्याशी लढता लढता गेला," ते म्हणाले. आवाज चढलाच नाही. "निघा. सगळे निघा इथून."

लायल हसला. तेवढ्यात सॉर्बींची काठी त्याच्याच छातीला टेकली.

"तू आधी निघ."

"अहो, पण मीच तर तुम्हाला वर..."

"आरशात बघ जरा स्वतःला!"

सॉर्बींना काही कळलं नाही, पण ट्रॉयला सगळं कळलं. पायऱ्यांवर त्याचा पहिलाच ठोसा लायलच्या तोंडावर बसला. ओडेल आणि बाकीचे गाड्यांतून धावत आले, पत्ते टाकून म्हातारेही बाहेर आले. लांबून पोलिसांचा भोंगा ऐकू आल्यावर जो तो वाट फुटेल तिकडं पळाला.

गाडीत लायल फाटलेल्या ओठावर फडकं दाबून बसला होता. दुकानाचं त्यानं एका दमात सांगून टाकलं. ओडेलनं गाडी तिकडंच वळवली. नदीवरच्या पुलावर आल्यावर लायल म्हणाला, "ट्रॉयनं मिठी मारली ना... तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला."

ओडेल गाडी चालवत राहिला. पूल संपला.

"काहीतरी बोल ना."

"काय बोलू? मला तिथं कुणी मिठी मारणार नाही. बरं वाटतं की वाईट, मला कधी कळायचंच नाही." त्यानं काचेवरचा बाष्पाचा थर बाहीनं पुसला. "सांगितलंस ते बरं केलंस. पण पुन्हा तू एकट्यानं जायचं नाही."

दिवे लागेपर्यंत सगळे दुकानासमोर पहारा देत उभे राहिले. त्या दिवशी कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र कुणीतरी दर्शनी काच फोडली; ती पोरांनीच बदलली.

काच बसवून झाल्यावर ओडेल हट्टानं लायलला त्या हॉलवर घेऊन गेला. सॉर्बींनी एकदा या डोक्याकडं, एकदा त्या डोक्याकडं बघितलं. माफीबिफी काही मागितली नाही. कॉफीचे दोन मग पुढं सरकवले.

"तुमच्यातला कोण कसला, ते मी ओळखायचं कसं?"

"विचारायचं, आजोबा," ओडेल म्हणाला. "आम्हीही विचारत असतो."

लायलनं आपला मग उचलून तोंडाला लावला. ओठावरचे टाके चरचरले, तरी त्यानं कॉफी संपवली. काउंटरखाली त्याची टाच वाजत होती. या खेपेला ओडेलनं त्याला पाय आवरायला सांगितलं नाही.