माझ्याशी बोलणाऱ्या दोघी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, हे खरं म्हणजे सांगायलाच नको. माझं कुबड बघूनच ते कळतं. हल्लीचे टीव्ही भिंतीला चिकटून सडपातळ उभे राहतात. मला बसायला भक्कम टेबल लागायचं, आणि उचलायला दोन माणसं. आता माझा प्लग काढलेला आहे आणि मी दाराशेजारी भंगारवाल्याची वाट बघत बसलो आहे. खूप दमलोय. पण जन्मभर बोलायची सवय, ती अशी सहज जात नाही. म्हणून सांगतो.

एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. माझ्या पुढे एक, माझ्या मागे एक, सगळे सारखेच. एका कामगार बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने पाठ लावून स्क्रू आवळले. शेवटी एका कंटाळलेल्या माणसाने मला सुरू करून पाहिलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. ती माझी पहिली शाबासकी.

लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, टीव्हीने सगळे सिनेमे पाहिलेले असतात. अहो, मी एकही पाहिलेला नाही. चित्र माझ्या काचेवर उमटतं ते तुमच्या बाजूला. मला ऐकू येतं, पण दिसतात ती फक्त बघणाऱ्यांची तोंडं. कुठली नटी चांगली आणि कुठली नुसतीच सुंदर, हे मला समोरच्या चेहऱ्यांवरूनच कळत आलं.

माझ्यासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर वहिनी बसायच्या, दुसरीवर वन्सं. म्हणजे मला घरी आणणाऱ्या दादांची बायको आणि दादांची धाकटी बहीण. एकमेकींना हाक मारायची त्यांची नावं हीच होती, म्हणून मीही त्यांना तशीच ओळखतो. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांनी लग्न केलं नाही, का केलं नाही ते मला कुणी सांगितलं नाही.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. दादा गच्चीवर चढून अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडून विचारायचे, दिसतंय का. खालून दोघी एका सुरात ओरडायच्या, दिसतंय, गेलं, दिसतंय, आणि हसून हसून वाकायच्या. ते हसणं अगदी माझ्या तोंडावर असायचं.

सिनेमा बघण्याची दोघींची तऱ्हा वेगळी होती. वहिनी कपडे बघायच्या. नायिका गरीब आहे, पण तिच्या फाटक्या साडीखालचा ब्लाउज मापात शिवलेला आहे, हे त्यांना पहिल्या मिनिटात खटकायचं. वन्सं आवाज ऐकायच्या. जन्मभर कानाला हेडफोन लावून काम केलेलं. ही स्वतः बोलत नाही, हिला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज दिलाय, असं त्या डोळे मिटून सांगायच्या.

एका नटीवर मात्र दोघींचं एकमत होतं. तिला त्या भुवई म्हणत. तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. तरुणपणी ती म्हणे एक भुवई किंचित उचलायची आणि समोरच्या नायकाचं लांबलचक भाषण वाया जायचं. भुवई आली की वहिनींचा सुईचा हात थांबायचा आणि वन्संची मान पुढे यायची. तिची सगळी वयं मी त्या दोन चेहऱ्यांवर वाचली. आधी ती नायिका होती. मग नायकाची वहिनी झाली. मग त्याची आई झाली. वन्संचा त्यावर फार राग होता. जो तिच्याबरोबर बागेत गाणी म्हणत फिरला तो अजून बागेतच आहे आणि हिला मात्र देवळाच्या पायरीवर आणून बसवलीय, असं त्या म्हणायच्या. पुढे ती मालिकांमध्ये आजी झाली. मालिकेत तिला काम काय, तर सोफ्यावर बसून सगळ्यांची भांडणं ऐकायची. वहिनी म्हणायच्या की इतक्या मोठ्या बाईला नुसतं बसवून ठेवलंय, पण बसते कशी बघा, पाठ टेकत नाही.

मग दादा आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस होते. डॉक्टर म्हणाले, घरी न्या किंवा एक ऑपरेशन करून बघू. वहिनी ऑपरेशनला हो म्हणाल्या. त्या दिवशी इथे वन्संनी दादांचा पलंग खिडकीशी ओढला होता, नवी चादर घातली होती. दादा त्या पलंगावर परत आलेच नाहीत. वहिनी एकट्या दारात आल्या तेव्हा वन्सं म्हणाल्या, “माझा भाऊ घरी यायचा होता.”

त्यानंतर त्या वहिनींशी बोलल्या नाहीत. वहिनीही मानी. त्यांनीही तोंड मिटलं. एकाच घरात, एकाच ओट्यावर चहा करून, दोघी एकमेकींना हाक न मारता राहू लागल्या.

पण माणसाला बोलल्याशिवाय कसं राहवणार? त्या माझ्याशी बोलू लागल्या. म्हणजे पडद्यावरच्या बायकांशी. मालिकेतली सून चहा घेऊन आली की वन्सं तिला सुनवायच्या, हल्ली लोक साखर घालायला विसरतात. दुसऱ्या दिवशीच्या चहात साखर असायची. एकदा वन्संना ताप होता. समोर भुवई खोकत होती. वहिनी तिला म्हणाल्या की अंगात ताप असताना गार पाण्याने अंग धुवायचं म्हणजे मुद्दाम दुखणं वाढवायचं. दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात कढत पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. कुणी ठेवली, हे कुणी विचारलं नाही.

असं चाललं होतं, मित्रांनो. वर्षानुवर्षं दोघींचे टोमणे, काळज्या, रुसवे सगळे माझ्या काचेवर येऊन आपटत होते. थकवा म्हणतात तो याचा. सिनेमे दाखवून कुणी थकत नाही. माझा रंग उडत चालला, सगळे चेहरे हिरवट दिसायला लागले म्हणे. दुरुस्तीवाला यायचा, माझ्या कुशीत एक चापट मारायचा आणि मी पुन्हा उठायचो. बंद पडायची चैन मला परवडणारी नव्हती.

वहिनींची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. गुणी पोरगी आहे. ती सुट्टीला आली की तिला एवढंच दिसायचं, की आई आणि आत्या संध्याकाळभर एका मोडक्या टीव्हीपुढे कुरकुरत बसतात. तिला वाटलं, भांडण टीव्हीवरून आहे. म्हणून पुढच्या खेपेला तिने दोन टॅब आणले. दोघींना एक एक, सोबत कानात घालायचे इयरफोन. ज्याला जे हवं ते त्याने आपापल्या खोलीत बघावं, कटकट नको. तिने मायेनेच केलं ते. मग माझा प्लग काढला आणि मला दारापाशी सरकवलं. दोन्ही खुर्च्या मात्र माझ्याकडेच तोंड करून राहिल्या.

घर एकदम शांत झालं. लेकीला फोनवर दोघींनी वेगवेगळं सांगितलं, छान आहे, आवाज स्वच्छ येतो. चहात साखर कमी पडली तरी आता सांगायचं कुणाला? एकदा वन्सं दुपारभर जेवल्याच नाहीत, वहिनींनी भाताचं पातेलं दोनदा उघडून पाहिलं आणि झाकून ठेवलं. माझ्या डोक्यावर शिवायच्या कापडांचा गठ्ठा आला. मी नुसता बघत होतो. मला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं, कारण आता कुणी मला काही सांगत नव्हतं.

मग परवाची दुपार आली. वन्सं आपल्या खोलीतून बाहेर आल्या. इयरफोन गळ्यात लोंबत होते, चेहरा उतरलेला. सवयीने त्या माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भुवईला बदललं. कालपर्यंत ती होती, आज तिच्या जागी दुसरीच बाई. नातू तिच्या गळ्यात पडतो. घरातल्या एकालाही कळलं नाही, की ही आपली नाही.”

आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. वहिनी बाहेर आल्या. मापाची टेप गळ्यात तशीच होती. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि त्याही मलाच म्हणाल्या, की ब्लाउज मात्र जुनाच आहे, भुवईच्या मापाचा, नव्या बाईला खांद्याला टाचण्या मारून बसवलाय.

म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंना, कानात बोळे घालून, दोघी एकच मालिका बघत होत्या.

पुढचं त्यांनी बातम्यांत वाचलेलं होतं. भुवई हॉस्पिटलमध्ये होती, आणि मालिका तिच्यासाठी थांबणार नव्हती. इतक्या वर्षांत हॉस्पिटल हा शब्द या खोलीत निघाला, की माझ्याकडे नेमकी एखादी जाहिरात तयार असायची. साबण, सिमेंट, काहीतरी. तेवढ्यावर विषय निसटायचा. आज माझ्याकडे काहीच नव्हतं. काळी काच आणि त्यात दोघींच्या पुसट सावल्या.

वहिनी त्या काचेला म्हणाल्या, “घरी न्या म्हणत असेल ती.”

“म्हणत असेल,” वन्संही काचेलाच म्हणाल्या.

“डॉक्टर म्हणतात, एक ऑपरेशन करून बघू. अशा वेळी माणसाने नाही कसं म्हणायचं?”

खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. वन्संनी खुर्ची वळवली होती.

“वहिनी,” त्या म्हणाल्या. ती हाक ऐकून वहिनींचा हात टेपवरच थांबला. “मला विचारलं असतंत ना, तर मीही करा असंच म्हटलं असतं.”

वहिनींचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत. “मग इतकी वर्षं का नाही बोललात?”

“तुमच्यावर नाही, तर कुणावर रागवायचं होतं मी?”

मालिकेत हे तीन आठवडे चाललं असतं. पाठीमागे व्हायोलिन, प्रत्येक वाक्याला तीन तीन वेळा जवळून चेहरा. इथे सगळं एवढ्यातच झालं आणि वहिनी चहा ठेवायला उठल्या. वन्सं त्यांच्या मागोमाग आत गेल्या. जाताना दोघींपैकी कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही. मित्रांनो, इतका मान मला कुणी कधीच दिला नव्हता.

आता माझी दुरुस्ती करा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं झालं. एकच विनंती आहे. तुमच्या घरातलं काही बंद पडलं, की लगेच त्या जागी नवं आणून ठेवू नका. दोन दिवस ती जागा रिकामी राहू द्या. तिच्या आडोशाने कोण जगत होतं, ते तेवढ्यात कळतं.

आज सकाळी लेकीचा फोन आला. भंगारवाला दुपारी येईल, त्या जागी भिंतीवरचा मोठा टीव्ही पाठवू का, असं ती विचारत होती. वहिनींनी फोनवर हात ठेवला आणि समोर बसलेल्या वन्संना विचारलं, काय सांगू?

“सांगा तिला, सध्या नको,” वन्सं म्हणाल्या. “म्हणावं, आम्ही बोलतोय.”