दिव्यवाणी आणि चादरींचे गठ्ठे

संध्याकाळ झाली की सोलापूरच्या बाळीवेशीत महेश्वरीच्या दारात चप्पल काढायला जागा उरत नसे. पायऱ्यांवर, नळाच्या कठड्यावर, उभ्या स्कूटरवरसुद्धा बायामाणसं बसलेली, आणि सगळ्यांची नजर मधोमध पाटावर ठेवलेल्या एका मोबाइलवर. पाटाभोवती रांगोळी होती. मोबाइलला विभूती लावलेली होती, आणि उगाच कमी नको म्हणून कुणीतरी चार्जरलाही लावली होती.

पाटाशेजारी त्रिनेत्र महाराजांचा शिष्य बसलिंगप्पा बसे. महाराज स्वतः कुणाला दिसले नव्हते, पण बसलिंगप्पाच्या तोंडून त्यांची कीर्ती अखंड वाहत होती. "उपग्रहाला ढग आडवा येतो, आमच्या महाराजांना ढग आडवा येत नाही," तो सांगे. "सीमेवर तोफेत गोळा भरला की महाराजांच्या कपाळाला घाम फुटतो." मग त्यांच्या दिव्यवाणीला मोबाइल कशाला लागतो, असं कुणी विचारत नसे. कारण सलग पाच संध्याकाळी निरोप आला होता आणि पाचही खरे ठरले होते. 'आज गोळे पडतील' म्हटलं त्या रात्री पडले. 'आज शांत' म्हटलं त्या रात्री एक फटाकाही वाजला नाही. सकाळी बातम्या लावल्या की महेश्वरीचा चेहरा असा खुले, जणू युद्ध तिलाच विचारून चाललं होतं.

समोरच्या घराच्या ओट्यावर तिची थोरली जाऊ दाक्षायणीबाई हे बघत बसलेली असे. ती मनातून जळत होती.

साहजिकच होतं. मदत गोळा करायचं हे सगळं काम मुळात तिनं सुरू केलं होतं. सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि तिची जुनी विद्यार्थिनी ऋतुजा, आता नर्स, डॉक्टरांच्या पथकाबरोबर तिकडच्या एका छावणीत गेली. तिचा फोन आला की गावंच्या गावं उठून शाळेत आली आहेत, पहाडात उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो, मुलं फरशीवर वर्तमानपत्र अंथरून झोपतात. सोलापूरनं अशा वेळी काय पाठवावं हे सांगावं लागत नाही. चादरी, महिनोन् महिने टिकणारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जन्मभर गणित शिकवलेल्या दाक्षायणीबाईनं मुलांना कामाला लावलं, ती पेठापेठांत फिरली, आणि सगळ्या पेठांचे गठ्ठे एकत्र ठेवायला जागा हवी म्हणून महेश्वरीची पुढची मोठी खोली मागितली.

तिथंच चुकलं. गठ्ठे महेश्वरीच्या घरात गेले, मग माणसं गेली, मग बसलिंगप्पा आला. काल गाठी बांधणारी मुलंही आज समोर जाऊन पाटाकडे बघत बसली. ज्यांना पाढे शिकवले ती मुलं. दाक्षायणीबाई एकटीच सुतळीचा गुंडा मांडीवर घेऊन बसली होती.

आणि याहून खोल एक काटा होता, जो तिनं कुणाला दाखवला नव्हता. तिची शाळा साखर पेठेत, म्हणून ती साखर पेठेच्या मदत-ग्रुपमध्ये होती. त्या ग्रुपवरही पहिल्या दिवशी महाराजांचा निरोप आला होता की आज रात्र शांत. त्या रात्री गोळे पडले. सकाळी निरोप पुसलेला, बसलिंगप्पा ग्रुपमधून गेलेला. मागे एक ओळ होती: तुमच्यात कुणाचा तरी भाव कमी पडला, वाच्यता करू नये. दाक्षायणीबाईला वाटलं, हे आपल्यालाच. महाराजांवर तिचा विश्वास नव्हता, तरी महेश्वरीला मिळालं आणि आपल्याला नाकारलं, हे तिला झोंबत राहिलं. न मागितलेल्या वस्तूसाठीही माणूस जळतं, हे तिला साठी उलटल्यावर कळत होतं.

सहाव्या संध्याकाळचा निरोप वेगळा होता. महेश्वरीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सोलापूरची मदतीची गाडी सीमेपर्यंत पोचणार नाही, वाटेत जळेल. गठ्ठे महाराजांच्या मठात आणून द्यावेत. कवचमंत्र झाल्यावर महाराज ते स्वतः पाठवतील. निरोपाखाली व्हिडिओ होता. रस्त्यावर एक ट्रक पेटलेला, काच फुटलेली, चालक दार उघडून उडी टाकतोय, आणि मागून मराठीत कुणी सांगतंय की ही कालची, मदत घेऊन निघालेली गाडी.

दाक्षायणीबाई उठून समोर गेली. गाडी परवा सकाळी निघायची ठरली आहे, ट्रकवाला धुळाप्पा गाडी घेऊन येणार आहे, ती सांगू लागली. महेश्वरीनं तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"अक्का, तुमाला का राग येतोय ते मला कळतंय की," ती म्हणाली. "लोक तुमच्या दारात बसले असते तर महाराज तुमालाबी खरे वाटले असते."

भर गर्दीत बोललं गेलं, आणि ते निम्मं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दाक्षायणीबाई परत आली. तिनं ऋतुजाला फोन लावून व्हिडिओचं सांगितलं. ऋतुजा म्हणाली की तोच व्हिडिओ तिकडेही फिरतोय, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या गावाच्या नावानं. तो बघून कालच दोन कुटुंबांनी छावणीत यायच्या बसमध्ये बसायचं नाकारलं आणि लेकरं घेऊन गोळ्यांखालच्या गावातच थांबली. "बाई, गोळ्यापेक्षा हे जास्त घाबरवतं हो. चादरी येतील ना?"

फोन ठेवल्यावर दाक्षायणीबाईनं जे केलं ते काही थोर विचारानं केलं नाही. आपण एकटीच नाकारलेली नसू, एवढं समाधान तिला हवं होतं. म्हणून तिनं जोडभावी पेठेच्या बजाबाईला फोन केला आणि आडून आडून विचारलं, तुमच्याकडे महाराजांचं काय?

बजाबाईनं दार लोटल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगू नका बाई. दोन येळा बराबर आलं, तिसऱ्या येळी उलटं झालं. तवापासनं त्यो बसलिंगप्पा आमच्या ग्रुपमधनं गायब. आमच्यात कुणाचा तरी भाव कमी पडला म्हनं. मला तर आमच्या जावेवरच संशय हाय."

दाक्षायणीबाईला हायसं वाटलं, आणि मग ती सुतळीचा गुंडा बाजूला ठेवून बोटांवर दिवस मोजू लागली. साखर पेठेत पहिल्याच दिवशी चुकलं. जोडभावी पेठेत तिसऱ्या दिवशी. तिनं आणखी चार फोन केले. कुठं पहिल्या दिवशी, कुठं दुसऱ्या. प्रत्येकीनं आधी शपथ घातली. एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं, कारण गड्ड्याच्या जत्रेत मिरवणुकीतला नंदीध्वज उचलण्याचा मान असतो तसा इथं चादरींचाही मान होऊन बसला होता. कुठली पेठ आपल्या पेठेत खोट आहे हे दुसरीला कळू देईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलिंगप्पा टेम्पो घेऊन आला. गठ्ठे बाहेर निघू लागले. चादरींना हात लावून नमस्कार करायला सगळ्या पेठांतल्या बायका आल्या होत्या. दाक्षायणीबाई पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली की गठ्ठे न्यायचे असतील तर न्या, पण आधी मला एक खेळ खेळू द्या, मुलांशी खेळते तसा. बाई वर्गात खेळ घेत, हे पेठेला माहीत होतं. तेवढी मुभा तिला मिळाली.

बायका ओळीत उभ्या राहिल्या. ती एकेकीच्या कानात काहीतरी पुटपुटली. मग रुपयाचं नाणं बसलिंगप्पाच्याच हातात दिलं. "तुम्ही उडवा, म्हणजे माझी लबाडी नको." नाणं पडलं. ज्यांना मी चुकीचं सांगितलं त्या खाली बसा, ती म्हणाली. निम्म्या बसल्या. उरलेल्यांच्या कानात ती पुन्हा पुटपुटली, नाणं पुन्हा उडालं, पुन्हा निम्म्या बसल्या. असं होत होत शेवटी एकटी शेजारची मायाक्का उभी राहिली. सलग पाचव्या वेळी बरोबर आलं तेव्हा तिनं कानाला हात लावले.

"बाई, तुमच्यातबी काय तरी हाय की," ती म्हणाली. "एकदाबी चुकला न्हाईत."

"मला काही कळत नाही, मायाक्का. खाली बसलेल्यांना विचार."

मायाक्कानं वळून बघितलं. मायाक्काला छापा सांगितला त्याच वेळी खाली बसलेल्या शेजारणीला काटा सांगितला होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लहान पोरं आधी हसली. दाक्षायणीबाई हसली नाही. बोलायला सगळ्यांत अवघड होतं ते आता बोलायचं होतं.

"साखर पेठेच्या ग्रुपवर मी होते," ती म्हणाली. "आम्हाला पहिल्याच दिवशी चुकीचा निरोप आला. मी लाजेनं कुणाला सांगितलं नाही. महेश्वरीवर जळत बसले. आणखी कोण कोण असं बसलंय?"

मग बजाबाई पदर सावरत उठली आणि जोडभावी पेठेचं सांगून मोकळी झाली. मग तिच्या मागची. मग एकदम पाचसहा जणी, एकमेकींना तोडत, आमचंबी, आमचंबी म्हणत. शहरात मदतीचे तीसबत्तीस ग्रुप होते. पहिल्या दिवशी निम्म्यांना गोळे, निम्म्यांना शांत. चुकले त्यांना सोडून द्यायचं आणि वर त्यांनाच पापी ठरवायचं. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. पाच संध्याकाळींनंतर एकच ग्रुप उरतो, आणि त्याच्या दारात गर्दी जमते.

बसलिंगप्पा म्हणाला की महाराजांची लीला नाण्यानं मोजू नये, आणि व्हिडिओ तर डोळ्यांसमोर आहे. महेश्वरी इतका वेळ पाटाशी खिळून होती. तिनं मोबाइल उचलला, विभूती पदरानं पुसली आणि व्हिडिओ लावला. पेटलेला ट्रक, फुटलेली काच, उडी टाकणारा चालक. तिनं तो पुन्हा लावला आणि थांबवला.

"ह्यो डाव्या दारानं का उतरतोय?" ती म्हणाली. "आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो. स्टेअरिंगचं चाकबी बघा, डावीकडं हाय. ही गाडी आपल्या देशातलीच न्हाय."

दाक्षायणीबाईनं तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला होता आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिला पुन्हा तीच कळ आली, जुनी, ओळखीची. मग ती म्हणाली, "महेश्वरी, हे मला सुचलं नव्हतं गं."

गलका वाढला, तशी बसलिंगप्पाची चप्पल त्याला आपोआप सापडली. टेम्पो रिकामा गेला. संध्याकाळी महाराजांच्या नंबरला फोन लावला तर तो बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाप्पाचा ट्रक भरून निघाला, आणि चादरींवरच्या दोरखंडाच्या गाठी दोघी जावांनी मिळून आवळल्या. कुणाची गाठ जास्त घट्ट, यावरून थोडी कुरबूर झाली.

ट्रक वळल्यावर मुलं बाईंभोवती जमली. एकानं विचारलं, महाराजांना खरंच काहीच येत नव्हतं का?

"एक गोष्ट येत होती," दाक्षायणीबाई म्हणाली. "आपण एकमेकींना विचारणार नाही, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं."

तेव्हा मुलांनो, आणि मोठ्यांनोही, खरं ठरलेलं भाकीत कुणी दाखवलं तर खोटी ठरलेली किती होती ते आधी विचारा. अंगावर काटा आणणारा व्हिडिओ आला तर तो पुढे ढकलण्याआधी दोनदा नीट बघा आणि दुसऱ्याला दाखवा. आपलं चुकलेलं शेजारच्याला सांगायला लाजू नका. युद्धात आपलं तोंड बंद राहिलं तर त्याची किंमत तिकडे फरशीवर झोपलेलं एखादं लेकरू मोजतं.